काळ्या गाडीचं रबर

कडक ते टिकाऊ असं ज्याला वाटतं, त्याने माझ्यासमोर रबराचा विषय काढू नये. माझं डोकं फिरतं. सिल्वासाजवळच्या मसाटच्या एका कारखान्यात मी रबराच्या लॅबमध्ये काम करते. पंपांचे वायसर, पाइपांचे सील, मशीनखाली बसवायचे पाय असला माल आमच्याकडे बनतो, आणि तो पास की नापास हे माझ्या सहीने ठरतं. माणसांची पारख मला जमत नाही असं घरचे म्हणतात, आणि ते खरंही असेल. रबराची मात्र जमते. त्यामुळे घरच्याच गाडीच्या रबराने मला वर्षभर नाचवलं, याचा जो राग आला होता तो आजही आठवला की कान गरम होतात.

गाडी काळी, जर्मन, लांबलचक. एका कारखानदाराने हौसेने घेतलेली. त्याचा जीव नव्या गाडीवर बसला तेव्हा ही जुनी माझ्या नवऱ्याने उचलली. नवरा इथल्या सरकारी कचेरीत आहे. स्वभावाने इतका सावध की दूध तापेपर्यंत गॅससमोरून हलत नाही. त्याने आयुष्यात केलेलं एकमेव धाडस म्हणजे ही गाडी. टोकरखाड्याच्या आमच्या कॉलनीत ती पहिल्यांदा वळली तेव्हा तोंड पार्किंगमध्ये आणि शेपूट रस्त्यावर, अशी उभी राहिली. पांढरा हत्ती दारात बांधलात, असं शेजाऱ्यांनी चिडवलं. नवरा ओशाळला. मी शेजाऱ्यांना म्हटलं, तुमची मोपेड आधी आमच्या हत्तीच्या पायाखालून काढा.

सासूबाईंना मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली. सासूबाई कोकणातून इथे शिक्षिका म्हणून आल्या आणि मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्या. नंतर मणक्याचं ऑपरेशन झालं आणि रिक्षा बंद झाली, बस बंद झाली, कोणाच्या लग्नाला जाणंही बंद झालं. बसलेला प्रत्येक हादरा पाठीतून वर डोक्यापर्यंत जायचा. या गाडीच्या मागच्या सीटवर मात्र त्या पाय लांब करून, डोकं टेकून, ऐटीत बसायच्या. "पोटातलं पाणी हलत नाही गं," असं म्हणायच्या, आणि वर नवऱ्याला, "तू पहिल्यांदाच काहीतरी बरं आणलंस."

गाडीतून त्या एकाच ठिकाणी जायच्या. बोर्डीला, धाकट्या बहिणीकडे. मावशींचं घर चिकूच्या वाडीत आहे. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे अंगणापलीकडे त्या जात नाहीत. म्हणजे दोन बहिणींपैकी एक जागची हलूच शकत नाही आणि दुसरी हलली तर फक्त आमच्या गाडीने. आम्ही अधूनमधून रविवारी जायचो. दोघी दिवसभर ओसरीवर बसून एकमेकींच्या चुका काढायच्या, मेलेल्या माणसांची भांडणं पुन्हा भांडायच्या, आणि संध्याकाळी निघताना सासूबाईंचा चेहरा न्हायल्यासारखा स्वच्छ दिसायचा. त्या दोघींना सांभाळणं हेच त्या गाडीचं खरं काम होतं.

मग गाडीला पुढून आवाज यायला लागला. खड्ड्यात चाक गेलं की टक्. वळताना टक्. आमच्या भागात दिवसरात्र कारखान्यांचे ट्रक धावतात, त्यामुळे रस्ता कितीही नवा केला तरी त्याला पोट सुटल्यासारखे उंचवटे येतात. अशा रस्त्यावर ती टकटक थेट सासूबाईंच्या पाठीत जाऊ लागली.

आमचा मेकॅनिक मूळचा शिरपूरकडचा. कारखान्यात कामाला म्हणून इकडे आला आणि नोकरीत मन रमेना म्हणून राखोलीच्या रस्त्याला गॅरेज टाकून बसला. त्याने गाडी वर चढवली, पहारीने इकडून तिकडून हलवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, बुश गेले. लोअर आर्मचे."

चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, तो लोअर आर्म. तो हात गाडीच्या अंगाला जिथे जोडलेला असतो तिथे बांगडीएवढं एक रबर असतं. बाहेर लोखंडाचं कडं, मधे लोखंडाची नळी, आणि दोघांच्या मधे घट्ट चिकटलेलं रबर. त्याला म्हणायचं बुश. रस्त्याचा सगळा राग ते रबर गिळतं आणि आत बसलेल्याला कळू देत नाही. ते फाटलं की लोखंड लोखंडावर आपटतं.

बुश बदलले. काही महिने बरे गेले आणि पुन्हा टक्. पुन्हा बदलले. या वेळी मेकॅनिक म्हणाला की माल एकदम अस्सल आहे, शप्पथ. पावसाळा सरायच्या आत ते फाटले. मी गॅरेजमध्ये जाऊन त्याला सरळ सांगितलं की तुम्ही डुप्लिकेट माल लावता. त्याने हातातला पाना जरा जोरात खाली ठेवला.

दरम्यान आम्ही एकदा भाड्याची मोठी गाडी करून बोर्डीला निघालो. उंच, नवीकोरी गाडी. सासूबाईंनी दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ओठ मिटले होते. नरोली मागे पडल्यावर त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं. आम्हीच गाडी परत फिरवली. घरी आल्यावर त्या आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आता बोर्डी नको."

त्यानंतर दोघी बहिणी फोनवर एकमेकींना बघायच्या. दोघींनाही फोन कसा धरायचा ते शेवटपर्यंत जमलं नाही. इकडून मावशींना आमचा पंखा दिसायचा आणि तिकडून आम्हाला त्यांचं कपाळ. "जरा खाली घे," सासूबाई म्हणायच्या. "काय खाली घेऊ?" मावशी विचारायच्या. मग दोघी फोन ठेवायच्या. पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनाने खुणा करणाऱ्या आमच्या सासूबाई, त्यांनी पेपर वाचणंच सोडलं. मला हे बघवत नव्हतं. मी स्वयंपाकघरात उगीचच भांडी आपटत होते.

नवऱ्याने गाडी विकायचं ठरवलं. वापीचा एक माणूस जुन्या गाड्या घेऊन सुटे भाग करून विकायचा, तो महिनाअखेरीला येऊन बघणार होता. "रस्त्यात आईला घेऊन बंद पडली तर काय करायचं?" नवरा म्हणाला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. मी म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. या वेळचं सामान मी निवडणार."

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"गाडीतलं काहीच कळत नाही. रबरातलं कळतं."

मग सुरू झाली शोधाशोध, आणि त्याबरोबर फुकटचा सल्ला. कॉलनीतला, कचेरीतला, कारखान्यातला, जो भेटेल तो सांगत होता की कडक टाका, कडक टिकतं. मेकॅनिकनेही तेच सांगितलं. त्याच्याकडे लाल रंगाचे बुश होते, रबराचे नव्हे तर त्याच्या जातीतल्या एका कडक प्लास्टिकसारख्या मालाचे. "ताई, हे लालवालं टाकू. कधीच फाटत नाही. रेसवाले पोरं हेच टाकून राहिले."

"भाऊ, माझ्या सासूबाईंना रेस लावायची नाहीये."

वापीच्या सामानाच्या दुकानात गेले तर दुकानदाराने एक काळा बुश काउंटरवर ठण्णकन आपटला आणि अभिमानाने म्हणाला, "बेन, आ तो पथ्थर जेवुं कडक छे!" मला दगडच हवा असता तर मी तो सिल्वासाच्या रस्त्यातून उचलला असता. मी पर्समधून कडकपणा मोजायचं यंत्र काढलं. खिशातल्या घड्याळाएवढं असतं, खाली बारीक सुई, ती रबरात रुतवली की वर काटा फिरतो. मी एकेक बुश घेऊन मोजायला लागले तसे दुकानातले बाकीचे गिऱ्हाईकही गोळा झाले. दुकानदार हसून म्हणाला, "बेन, एनुं बीपी मापो छो?" मी म्हटलं, हो, आणि तुमच्या मालाचं फारच वाढलेलं आहे.

आमच्या लॅबचा एक शिरस्ता आहे. कोणताही माल नुसता बघून, दाबून, मोजून पास करायचा नाही. त्यातला एक नग कापायचा, फाडायचा, भट्टीत भाजायचा, त्याचा जीव घ्यायचा आणि मगच बाकीच्यांना जाऊ द्यायचं. नवीन आलेल्या माणसांना हे पाप वाटतं. चांगला, चकचकीत नग कापताना ते दोनदा विचारून घेतात, खरंच कापू का? पण कापल्याशिवाय आतलं कळत नाही. म्हणून मी तीन प्रकारचे बुश घेतले, आणि प्रत्येकाचा एक जास्तीचा, केवळ कापण्यासाठी.

नवऱ्याने ते टेबलावर पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. "नवीन वस्तू कापणार?"

"नारळ फोडल्याशिवाय नासका आहे का ते कसं कळणार?"

"नारळ खाता तरी येतो," तो म्हणाला.

कारखान्यात आमच्या साहेबांची परवानगी घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत कामाला लागले. लाल माल कापताना करवत बोथट व्हायचीच काय ती बाकी होती, इतका तो ताठ. टिकला असता यात शंका नाही. बुश टिकला असता आणि आत बसलेलं माणूस मोडलं असतं. दुकानदाराचा दगडासारखा काळा बुश भट्टीत ठेवला तर बाहेर येताना पापडासारखा कडकडीत होऊन आला, आणि कडेला नख लावलं तसं रबर लोखंडापासून आख्खं सोलून निघालं. तिसरा बुश गाडी बनवणाऱ्यांना जे पुरवठा करतात त्यांच्याकडचा होता. हाताला मऊ. वापीच्या दुकानदाराने तो कोपऱ्यातून नाखुशीने काढून दिला होता, "आ तो बहु पोचुं," असं म्हणत. मऊ म्हणजे लेचापेचा, असं त्याचं मत. तो कापला तेव्हा आतून चमचाभर पातळ द्रव टेबलावर सांडला. रबराच्या पोटात ठेवलेलं ते पाणी बारीक थरथर जिरवण्यासाठी असतं. मग मी तो मशीनवर ओढला. रबर ताणलं, ताणलं, आणि शेवटी मधोमध फाटलं, पण लोखंडाला चिकटलेली जागा सुटली नाही. आमच्या धंद्यात याहून मोठं कौतुक नाही. फाटायचंच तर रबराने फाटावं, जोड सुटू नये. मी तिथल्या तिथे ठरवलं, हाच. शॉकअपही त्याच प्रकारचे मऊ निवडायचे, त्यावर कोणी कितीही नाक मुरडो.

खरं तर इथे काम संपलं होतं. पण मला मेकॅनिकला दाखवायचं होतं की त्याने लावलेला डुप्लिकेट माल आतून कसा असतो. म्हणून गाडीतून काढून आणलेला फाटका जुना बुशही मी करवतीखाली घेतला. कापून बघते तर रबर उत्तम. मोजलं, ओढलं, भाजलं. कडकपणा तोच, जोड तसाच पक्का, आतली पोकळीही तीच. तो तिसऱ्याचा सख्खा भाऊ होता. मेकॅनिकने शपथेवर सांगितलं होतं ते खरं होतं.

मी स्टुलावर बसले. एवढं चांगलं रबर काही महिन्यांत फाटलं, तर हे नवंही फाटणार. मी एवढे दिवस मिरवत होते ती सगळी निवड फुकट. रबरवाल्या बाईनेच करावी अशी चूक मी केली होती. जग रबराचंच बनलेलं आहे असं धरून मी फक्त रबर तपासत होते. तेव्हा मला भीती वाटली. या वेळीही जमलं नाही तर गाडी जाणार, आणि त्या दोघी एकमेकींचे पंखे बघत म्हाताऱ्या होणार, आणि मग एक दिवस फोनच लागणार नाही.

मी कापलेल्या बुशाचे तुकडे जुळवून डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन्ही जुने बुश शेजारी ठेवले. दोन्हींत चीर सरळ नव्हती. तिरकी होती, नळीभोवती वळत गेलेली. डावीकडची एका अंगाला आणि उजवीकडची बरोबर तिच्या उलट. दणका बसून फाटलेलं रबर असं फाटत नाही. हे पिळून फाटलं होतं.

आमच्याकडे रबर पिळून बघायचं एक मशीन आहे. त्यावर नमुना बसवताना एक नियम आहे, आणि तो मी नव्या माणसांना रोज ओरडून सांगते: आधी सुई शून्यावर आणा, मग स्क्रू आवळा. नमुना जरा वाकडा असताना आवळला तर तो चाचणी सुरू व्हायच्या आधीपासूनच पिळलेला असतो आणि लवकर मरतो. त्या मशीनकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. गाडीच्या बुशाची सुई शून्यावर कोण आणतं?

हाफ डे टाकला आणि थेट गॅरेजमध्ये गेले. "भाऊ, बुशाचा बोल्ट आवळता तेव्हा गाडी कुठे असते?"

"वर. लिफ्टवर. नाहीतर खाली शिरणार कसं?"

"आणि चाकं?"

"लटकून असतात."

मी त्याला आमच्या मशीनची, शून्यावरच्या सुईची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, तिथेच बुश मरतो. चाक लटकलेलं असताना हात खाली झुकलेला असतो. तेव्हा बोल्ट आवळला की मधली नळी त्याच जागी पक्की होते. मग गाडी जमिनीवर ठेवली की हात वर येतो, नळी जागची हलत नाही आणि मधलं रबर पिळलं जातं. गाडी नुसती उभी असली तरी ते पिळलेलं. वर खड्डे.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. "ताई, या गाड्यांखाली केस पांढरे झाले माझे. आजवर कोणी असं बोललं नाही."

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. खडू आहे का?"

लिफ्टवर तेव्हा आमचीच गाडी होती, फाटके बुश काढून घेतल्यापासून नव्यांची वाट बघत. मी त्याला नवा बुश घातलेला आर्म नेहमीसारखा बसवायला सांगितला. बोल्ट आवळून झाल्यावर मी मधल्या नळीपासून रबरावरून बाहेरच्या कड्यापर्यंत खडूची एक सरळ रेघ ओढली. मग चाकं चढवून गाडी खाली घेतली. मेकॅनिक टॉर्च घेऊन जमिनीवर आडवा झाला आणि त्याने चाकामागे डोकं घातलं.

"अरे देवा," आतून आवाज आला. "हे तर उभ्या उभ्या पिळून राहिलं."

सरळ रेघेला कोपर फुटलं होतं. तो बाहेर आला, हात पुसले, पुन्हा आत गेला, पुन्हा पाहिलं. "म्हणजे माल चांगला आणायचा मी आणि मारायचा पण मीच?"

"मी तुमच्या चांगल्या मालाला डुप्लिकेट म्हटलं होतं," मी म्हटलं. "फिट्टंफाट."

तो एकदम हसला, आणि मग त्याचं डोकं माझ्यापेक्षा वेगाने धावायला लागलं. गाडी जमिनीवर उभी असताना आवळायचं तर माणसाने खाली जायचं कसं? त्याच्या ओळखीचं एक जुनं सर्व्हिस स्टेशन जवळच होतं, तिथे ट्रक धुवायचा खोल खड्डा अजून शाबूत होता. "गाडी तिच्या पायावर उभी राहील, आणि मी खाली उभा राहीन," तो म्हणाला. वर त्याने एक गोष्ट काढली जी मला सुचली नव्हती. "मागे आजी बसतील ना? मग वजन पण तसंच पाहिजे. रिकाम्या गाडीत आवळून काय फायदा?"

त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरचा सरकारी माणूस स्वतःच्या आईच्या जागी मागच्या सीटवर बसला होता. पुढे ड्रायव्हरच्या जागी मी. गाडी खड्ड्यावर उभी, खाली चिखलात मेकॅनिक. मी नवऱ्याला सांगितलं होतं की अजिबात हलायचं नाही, आणि त्याने ते इतकं मनावर घेतलं की माशी नाकावर बसली तरी हात वर केला नाही. खालून मेकॅनिक ओरडला, "ताई, आता शून्यावर!" आणि पाना कुरकुरला. शून्यावर हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला. नवरा दचकला आणि सीटवरून हलला. मग त्याला पुन्हा पहिल्यासारखं बसवून दुसरी बाजू आवळली.

राखोलीच्या रस्त्यावर मीच गाडी चालवून पाहिली. आवाज नाही. पुन्हा उलट फिरून त्याच खड्ड्यातून नेली. आवाज नाही. नवरा शेजारी बसून कान टवकारत होता. शेवटी त्याने खिशातून फोन काढला आणि वापीच्या माणसाला, येऊ नका, एवढंच सांगितलं. मी आरशात बघण्याचं नाटक केलं.

पण सासूबाई तयार होईनात. मागच्या वेळचं दुखणं त्यांच्या अंगात मुरलं होतं. "नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं जाऊन या. तिला डिंकाचे लाडू द्या."

"आई, फक्त अथालच्या पुलापर्यंत चला. एकदा जरी कळ आली तर मी तिथून गाडी वळवेन."

त्यांनी शाळेत उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "एकदा म्हणजे एकदा. मग पुढे गयावया करायची नाही."

"नाही करणार."

रविवारी सकाळी निघालो. त्या मागे, उशा लावून, हँडल दोन्ही हातांनी धरून. मी गाडी चालवत होते आणि आरशात रस्ता कमी आणि त्यांचा चेहरा जास्त बघत होते. टोकरखाड्याचा गतिरोधक गेला. ट्रकांनी उखडलेला वळणाचा तुकडा गेला. पूल आला तसा मी वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. "आई, वळवू का?"

उत्तर नाही.

"आई?"

नवऱ्याने मागे वळून पाहिलं, मग चक्क हात लांब करून त्यांच्या नाकाशी बोट धरलं. सावध माणूस. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "झोपलीय."

तोंड उघडं, मान उशीवर कलंडलेली, हात हँडलवरून सुटून मांडीत पडलेले. वर्षभर ज्यांना पलंगावरसुद्धा सुखाची झोप नव्हती, त्या आमच्या सासूबाई सिल्वासाच्या रस्त्यावर घोरत होत्या. मला ओरडावंसं वाटलं. पुलाच्या कठड्यावर चढून दमणगंगेला सांगावंसं वाटलं, की बघ, मी केलं. डोळे भरून आले म्हणून एक मिनिट थांबले, आणि मग गाडी वळवली नाही. नरोली गेली, जिथे पूर्वी त्या रडल्या होत्या तो तुकडा गेला, भिलाड गेलं, संजाण, उंबरगाव गेलं. सासूबाई चिकूच्या वाड्या दिसेपर्यंत जाग्या झाल्या नाहीत.

"पूल आला?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"बोर्डी आली, आई."

त्या उठून बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. मावशी वॉकर घेऊन अंगणात उभ्या होत्या. फोनवर एवढे दिवस नुसतं कपाळ दिसायचं, आज आख्ख्या. सासूबाई दाराकडे सरकल्या, पण मावशी वॉकर ढकलत आमच्याकडेच आल्या, दार उघडलं आणि म्हणाल्या, "उतरू नकोस. सरक."

"अगं, तुझे गुडघे!"

"सरक म्हणते ना. तू सिल्वासाहून आलीस, मला तीन वर्षांत समुद्रापर्यंत जाता आलं नाही. रिक्षात हाडं मोडतात माझी."

नवऱ्याने त्यांना धरून आत बसवलं, वॉकर डिकीत टाकला. मी समुद्राच्या रस्त्याला लागले. मागे दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, हात हातात. सुरूच्या बनाजवळ रस्ता पार उखडला होता. मी वेग कमी करून गाडी कडेकडेने काढायला लागले.

तेवढ्यात मागून शाळेतला आवाज आला. "कडेने का घेतेस?"

"आई, पुढे खड्डा आहे."

"दिसतोय मला," सासूबाई म्हणाल्या. "मधून घे. हिला कळू दे आपली गाडी."